रुपरावजींच्या हॉर्नमध्ये केलेल्या सुधारणा

बेसा, नागपूर
कोजागिरीचा दुसरा दिवस

आदरणीय रुपरावजी यांस,

नानाजीचा साष्टांग नमस्कार. (जावयाने बायकोच्या भावाला साष्टांग घालायची आपल्यात रीत नाही, उलट आपणच वयाने मोठे असून माझ्या लग्नापासून दर भेटीत माझ्या पायाशी वाकत आलात, हे मला माहीत आहे. पण या पत्रापुरतं मला खालीच राहायचं आहे. कंबरेमुळे नमस्कार अर्धाच झाला, उरलेला मनाने घातला असं समजावं.) आपला डावा गुडघा कसा आहे? वहिनींची साखर आटोक्यात आहे ना? घरामागच्या संत्र्याच्या झाडांना यंदा फळ धरलं का? पुण्याहून आपल्या लेकीचा, भैरवीचा फोन येत असेलच, तिला आशीर्वाद सांगा. इकडे देवकी बरी आहे. माझ्याशी कामापुरतं बोलते, पण बोलते. काजलच्या लग्नाची तयारी चालू आहे, आणि मी त्या तयारीत कशालाही हात लावायचा नाही असं दोघींनी मिळून ठरवलं आहे.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण आपला फोन आता असा झाला आहे की मी म्हणतो, कसे आहात, आपण म्हणता, "बरं आहे जवाईबुवा, थांबा, हिले देतो." मग वहिनी जेवण झालं का विचारतात, मी झालं म्हणतो आणि फोन संपतो. (जेवण झालेलं नसलं तरी झालंच म्हणतो, कारण नाही म्हटलं तर ते का झालं नाही यावर बोलणं जातं आणि माझा विषय बाजूलाच राहतो.) पत्राचं एक बरं असतं, ते सुरू झाल्यावर मधेच वहिनींच्या हातात देता येत नाही. आणि दिलंत तरी त्या वाचून परत आपल्याकडेच देतील. तर विषय आपल्या वाजवायच्या हॉर्नचा आहे. आपण इथे चष्मा काढून ठेवणार हे मला इथून दिसतं आहे. ठेवू नका, एवढी विनंती.

माझा स्वभाव आपल्याला नवा नाही. कारखान्यातून आलेली कुठलीही वस्तू मला पूर्ण झालेली वाटतच नाही. त्यांनी सुरुवात करून दिली, पुढचं आपण बघायचं, असं मला वाटतं. कळमन्याला ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करता करता जन्म गेला. पितळेच्या जोडाला डाग देण्यात माझा हात धरणारा त्या बाजूला कोणी नाही, हे मी नाही, गिऱ्हाइकं सांगतात. त्यामुळे हाताला वाटतं की जगात जे जे पितळेचं आणि पत्र्याचं आहे ते सगळं आपल्याकडेच येणार आहे. आमच्या कूलरचंच घ्या. नागपुरात उन्हाळ्यात कूलरशी खेळला नाही असा पुरुष मिळणार नाही, पण मी त्याला ट्रकच्या रेडिएटरपुढचा पंखा बसवला. आपण आणि वहिनी तेव्हा आलेले होतात. खटका दाबला तसं वाळ्याच्या ताट्यांमधलं सगळं पाणी आपल्या दोघांच्या अंगावर आलं आणि मागोमाग कूलरही आला. भिंतीपासून निघाला तो दारापाशी जाऊन थांबला. वहिनींचं लुगडं भिजलं, आपला चष्मा उडाला. आणि आपण काय म्हणालात? "थंड तं वाटते, जवाईबुवा." तेव्हाच मला कळायला हवं होतं की जावयाला बोलायचं नाही म्हणून हा माणूस काहीही सोसेल. पण मला ती शाबासकी वाटली. पुढचं सगळं त्या शाबासकीतूनच झालं, म्हणून कूलरपासून सुरुवात केली.

मागच्या भाऊबीजेला आपण नवा हॉर्न, तो नळ्यांच्या गोल वेटोळ्याचा फ्रेंच हॉर्न, घेऊन आलात. (पोलीस बँडमध्ये आपली उभी नोकरी ज्या हॉर्नवर झाली तो सरकारी होता. निवृत्तीच्या दिवशी तो जमा करून आपण रिकाम्या हाताने घरी आलात आणि वर्षभर गप्प होतात. मग कुठून कुठून चौकशी करून हा कारखान्याचा कोरा हॉर्न मागवलात. हे सगळं आपल्याला माहीत आहे, पण मला क्रमाने लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.) दरवर्षीसारखं देवकीने ओवाळलं आणि पूर्वीसारखी आपली ओवाळणी म्हणजे गच्चीवर जाऊन आपण ती धून वाजवलीत, संध्याकाळी झेंडा उतरवताना वाजते ती, ज्यात एका ठिकाणी सगळा बँड थांबतो आणि एकटा हॉर्न थोडा वेळ वाजत राहतो. आम्ही पाहुणे मंडळी समोर खुर्च्या मांडून बसलो होतो. आता हॉर्नचं तोंड, म्हणजे भोंगा, असतो मागे. आवाज मागच्या रिकाम्या प्लॉटवर बांधलेल्या म्हशींकडे जात होता आणि आम्हाला जे मिळत होतं ते भिंतीला लागून परत आलेलं, उरलंसुरलं. म्हशी रवंथ थांबवून ऐकत होत्या हे मी स्वतः पाहिलं. मला ते मनापासून लागलं. एवढा मोठा वाजवणारा, पाहुणे पुढे, आणि वाजवणं म्हशींना! त्यात देवकीही खुर्चीवर नव्हती, मागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी होती. मला वाटलं, वाळत घातलेल्या तळणाच्या सांडया पाहायला गेली असेल. त्या सांडया लक्षात ठेवा.

वाजवून झाल्यावर आपण म्हणालात की आवाज अजून आवळलेला आहे. पुढे असंही म्हणालात, "कोरा आहे नं. वाजवता वाजवता मोकया होईन." दोन्ही वाक्यं मला जशीच्या तशी आठवतात, पण त्या दिवशी मी पहिल्या वाक्यालाच उठलो होतो. आवळलेलं म्हटलं की माझा हात पान्याकडे जातो. दुसऱ्या दिवशी आपण आणि वहिनी भैरवीच्या बाळंतपणाला पुण्याला निघालात, तिकडच्या छोट्या घरात शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हॉर्न आमच्याकडे ठेवलात, आणि जाता जाता म्हणालात, "सांभाळजा." मी सांभाळला असता, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

सुरुवातीला मी फक्त पुसत होतो. मग मोबाईलवर एक पांढऱ्या दाढीचा गोरा म्हातारा सापडला. चामड्याचा एप्रन घालून बसतो, कारखान्याचे कोरे हॉर्न घेतो, सोडवतो, कापतो, पुन्हा जोडतो, आणि देशोदेशीचे वाजवणारे त्याच्या दारात उभे असतात. त्याची भाषा मला अर्धीच समजली, पण हात पूर्ण समजले. त्याचं म्हणणं असं की कारखान्यात नळ्या घाईने, ताणून धरून जोडतात, म्हणून पितळ आखडलेलं राहतं. डाग एकदा सोडवावेत, नळीला तिच्या मनासारखं बसू द्यावं आणि मग पुन्हा डाग द्यावा. रुपरावजी, हे मला माझ्या बापाने रेडिएटरबद्दल सांगितलेलंच शब्दशः होतं! मला तो म्हातारा नात्यातला वाटायला लागला. मी दुकानात हॉर्न शिकंज्यात बांधला, पहिला डाग सोडवला, आणि नळी टणकन बोटभर बाजूला सरकली. म्हणजे खरंच आखडलेली होती. एकेक जोड करत सगळा हॉर्न मोकळा केला, खटके तेल घालून बरोबर टेकवले, आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्या रोशनला बोलावलं. (रोशन म्हणजे लग्नाच्या बँडचा मालक, आमच्या दुकानामागेच राहतो.) त्याने फुंकण्याआधी पोट भरून श्वास घेतला आणि फुंकला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी गहिवरलो. म्हटलं, असा आवाज याने आयुष्यात ऐकला नसेल. मग कळलं की शेजारी मिरचीचा यार्ड, हंगामाचे दिवस, आणि हॉर्न दुकानात उघडा पडलेला. आतमध्ये कळमन्याची लाल मिरची जाऊन बसली होती. धुऊन काढला आणि रोशनने पुन्हा वाजवला. तेव्हा मात्र तो फुंकून झाल्यावर हॉर्नकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, लय गोड झाला. आता याले हात नका लावू."

रुपरावजी, आठ-पंधरा दिवस आपला हॉर्न खरोखर सुधारलेला होता. हे मी माझी पाठ थोपटायला लिहीत नाही. उलट हेच मला सर्वात जास्त डाचतं. सगळंच बिघडवलं असतं तर म्हटलं असतं की आपल्याला येत नाही. पण येत होतं, आणि थांबायचं तेवढं आलं नाही. तेव्हा पेटीत बंद करून ठेवला असता तर आपण पुण्याहून येऊन वाजवला असता आणि म्हणाला असतात, जवाईबुवा, हा तर मोकळा झाला! एवढंच मला ऐकायचं होतं. दुसरं काही नको होतं.

पण त्या गोऱ्या म्हाताऱ्याचा पुढचा व्हिडिओ आला. त्यात तो भोंग्याची मान कापून आटे बसवतो, म्हणजे भोंगा फिरवून वेगळा काढता येतो आणि हॉर्न लहान पेटीत मावतो. मला आपली काटोलच्या एसटीतली ती मोठी पेटी आठवली, मांडीवर घेऊन बसावं लागतं आणि शेजारचा कुरकुर करतो. कापला. आटे बसवले. उत्तम बसले. आता कापलेला भोंगा एका हातात आणि बाकीचा हॉर्न दुसऱ्या हातात, असा मी उभा असताना मला त्या म्हशी आठवल्या. तो गोरा हे काही करत नाही, हे माझं स्वतःचं. मी म्हटलं, सुटलाच आहे तर पुन्हा मागेच का लावायचा? आपण परेडमध्ये सगळ्यात मागच्या रांगेत, त्यात हॉर्नचं तोंडही मागे. कस्तुरचंद पार्कवर दर परेडला देवकी डबा घेऊन यायची, आणि मला वाटायचं की या बिचारीने आयुष्यभर भावाचे फुगलेले गाल तेवढे पाहिले, आवाज काही ऐकला नाही. म्हटलं, एकदा तरी माझ्या बायकोला तिच्या भावाचा हॉर्न समोरून ऐकू दे. हे कारण खरं होतं, रुपरावजी. बाकी काही मानू नका, एवढं माना.

मग एका जुन्या ट्रकच्या रेडिएटरच्या टाकीचा जाड पितळी पत्रा घेतला, त्याचा वाकडा नळा वळवला आणि भोंगा वळणाने समोर आणला. त्यामुळे लांबी वाढली आणि सूर खाली बसला. मग जेवढी लांबी इकडे वाढली तेवढी तिकडे फुंकायच्या बाजूच्या नळीतून कापली, हिशेब बरोबर. राहता राहिला आपला उजवा हात. आपण वाजवताना तो भोंग्याच्या आत घालून बसता. माझी आजवर अशी समजूत होती की हॉर्न जड असतो म्हणून खालून आधार द्यायला घालता. (कोणाला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला कळत नाही हे कबूल करायचं.) आता भोंगा पुढे गेला, हात तिथवर पोचणार कसा? म्हणून उजव्या हातासाठी एक वेगळी मूठ बसवली. मूठ कुठली, ते शेवटी लिहितो. मग पुन्हा रोशनला बोलावलं नाही. त्याने हात लावू नका म्हटलेलं मला आठवत होतं.

मे महिन्यात काजलचा साखरपुडा झाला ते सगळं आपण पाहिलंच आहे, पण आपण वाजवत होतात आणि मी आपल्याकडे पाहत होतो, म्हणून माझ्या बाजूने लिहितो. आपण काजलचे मामा. लॉनवर दोन्हीकडची मंडळी बसलेली, चारी कोपऱ्यांत कूलर (मी हात न लावलेले). मी माईकवर सांगितलं की आता मामा हॉर्न वाजवणार आहेत, आणि या हॉर्नमध्ये खास सुधारणा केल्या आहेत. आपण हौसेने पेटी उघडलीत. आपण किती वेळ त्यात बघत राहिलात ते मला सांगता येणार नाही, पण व्याहीबुवांनी मला दोनदा विचारलं की काही सापडत नाही का. मग आपण माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता हा माणूस मला सगळ्यांसमोर काहीतरी बोलणार. आपण म्हणालात, "वा. बरीच मेहनत घेतली जवाईबुवांनी." आणि हॉर्न उचललात.

आवाज पुढे आला, यात शंका नाही. कळमन्याच्या फाटकात ट्रक मागे घेताना मालक जसा ओरडतो तसा आला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर कानाला लावले, व्याहीबुवांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, आणि रस्त्यावरची एक ऑटो बाजूला होऊन थांबली. आपण तरीही पूर्ण धून वाजवलीत. तो एकट्याचा तुकडा आला तिथेसुद्धा थांबला नाहीत. आणि मी काय पाहत होतो, तर आपला उजवा हात. तो मी बसवलेल्या मुठीवरून सुटून मधे मधे मागे जायचा, कमरेशी काहीतरी शोधायचा, काही सापडलं नाही की परत यायचा. पुन्हा जायचा. शेवटी शेवटी तर तो परतही आला नाही, तसाच मागे हवेत वाटीसारखा राहिला. वाजवून झाल्यावर आपण हॉर्न पेटीत ठेवलात, सांबारवडी दोनदा मागून घेतलीत, छान झाली म्हणालात, माझ्या पाया पडलात (त्या दिवशी तरी पडायला नको होतं), आणि निघताना म्हणालात, "हा इथंच असू द्या. तुमच्यापाशी बरा राहीन." बोलणं एवढंच. एक शब्द रागाचा नाही. मी बसस्टॉपवर आलो असतो, पण आपण ऑटो बोलावून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी रोशनने सांगितलं की हात आत घालूनच हॉर्नचा सूर धरतात, हाताने सूर चढवतात, उतरवतात, मऊ करतात. "अन् तुमी थो हातच तोडून टाकला, काका." मी घरी येऊन देवकीला म्हटलं, चुकलं खरं, पण मी तुझ्यासाठीच केलं, जन्मभर तू त्याचा आवाज कधी ऐकला नाहीस म्हणून. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "कोण म्हणते नाही ऐकला? मी कधी समोर उभी राहिली जी? परेडले मी मागच्या फाटकापाशीच उभी राहो. गच्चीवरबी टाकीपाशी." म्हणजे सांडया वगैरे काही नव्हत्या. रुपरावजी, तीस वर्षांहून जास्त ती आपल्या मागे उभी राहून ऐकत आली, कारण आवाज मागे जातो हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि जन्मभर पितळेत हात काळे केलेल्या तिच्या नवऱ्याला माहीत नव्हतं. आणि साखरपुड्याच्या दिवशीही ती सवयीने आपल्या मागेच उभी होती. सगळ्या लॉनने ऐकलं, ऑटोवाल्याने ऐकलं, फक्त तिलाच ऐकू आलं नाही. ज्या एका माणसासाठी मी हे केलं त्याच एका माणसापासून मी तो आवाज काढून घेतला. याच्यावर मला हसताही येत नाही, आणि मला हसता येत नाही असं फारसं कधी होत नाही.

राखीला ती एकटीच काटोलला आली. मला नेलं नाही. परत आल्यावर चपला काढता काढता एवढंच म्हणाली की दादा आता बागेत पाणी देतो, टीव्ही पाहतो, आणि बसला असला की त्याचा उजवा हात मांडीवर तसाच वाटीसारखा असतो. मग भात टाकायला गेली. मी त्या दिवसापासून सुधारणा काढायला लागलो. वाकडा नळा काढला. फुंकायच्या बाजूच्या नळीचा कापलेला तुकडा मी फेकला नव्हता (माझ्या दुकानात काही फेकत नाहीत, याच सवयीवर देवकीने किती वेळा डोकं फोडलं), तो जिथल्या तिथे बसवून डाग दिला. भोंगा मागे गेला. मानेला आटे मात्र राहिले, कापलेलं पितळ जोडता येतं, पण कापलंच नव्हतं असं काही करता येत नाही. मग रोशनला बोलावलं. तो रागाने पाय आपटतच आला. त्याने एकदा फुंकला, मग थोडा वेळ आणखी फुंकला आणि म्हणाला की बिघडलेला नाही, पण सगळे डाग नवे, आवाज पुन्हा कोऱ्यासारखा आवळला आहे. आता याला पान्याने काही होणार नाही, रोज वाजवणारा माणूस पाहिजे. मी म्हटलं, तू वाजव. तर म्हणाला, "मी तरम्पेटवाला, काका. याच्यात हात कुठं ठेवा लागते हे मले थोडी मालूम! ज्याचा आहे त्याले बलवा नं."

म्हणून हे पत्र. मला फार वाईट वाटतं, रुपरावजी. हे फोनवर म्हणता आलं नसतं. मी म्हणेपर्यंत फोन वहिनींकडे गेला असता. आपण वाजवता वाजवता मोकळा होईल म्हणाला होतात ते वाक्य मी आता कळमन्याला जाता-येता मनात म्हणत असतो. पुढचं काय लिहावं सुचत नाही. वहिनींना नमस्कार, संत्री पिकली असली तर कळवा, आणि गुडघ्याला जपा.

आपला
नानाजी

ता.क. १ : ती मूठ प्रेशर कुकरची होती. देवकीला जानेवारीपासून कुकर चिमट्याने उचलावा लागत होता आणि मी तिला सांगत होतो की नवी मूठ बाजारात मिळत नाही, सीताबर्डीही पालथी घातली. आता ती कुकरला परत बसली आहे. वहिनींना एवढं मात्र सांगू नका, त्या देवकीला सांगतील.

ता.क. २ : भाऊबीजेला या. खरं म्हणजे एवढं एकच लिहायचं होतं, बाकी सगळं त्याच्या आधी साचलेलं होतं म्हणून आलं. यंदा गच्चीवर खुर्च्या मागे, टाकीच्या बाजूला मांडतो. म्हशींना सरकून बसावं लागेल. आणि वाजवायच्या आधी एक करा. देवकीने ओवाळलं की सगळ्यांसमोर मला चांगलं झापा. तेवढा वेळ मी जावई नाही असं समजा. कूलरपासून सुरुवात केलीत तरी चालेल. आपण काही बोलला नाहीत म्हणून मे महिन्यापासून मला कोणी काही बोललेलं नाही, आणि बोलणी खाल्ल्याशिवाय माझ्याने आता राहवत नाही. वहिनींना सांगा, त्यांनाही त्या भिजलेल्या लुगड्याचं बोलायचं असेल तर त्यांनीही बोलून घ्यावं. मात्र या वेळी माझ्या पाया पडू नका.

ता.क. ३ : या पाकिटात दोन किल्ल्या आहेत. हॉर्न पेटीत घातला आहे, पेटीला नवं कुलूप लावलं आहे आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या आपल्याकडे पाठवतो आहे, म्हणजे आपण येऊन उघडेपर्यंत मला त्याला हात लावता येणार नाही. देवकीला हे दाखवलं तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी हसली. पण आज सकाळी सहज पाहिलं, कुलूप कारखान्याचंच आहे आणि त्याची कडी थोडी सैल बसते. काय केलं म्हणजे ती नीट बसेल, ते मला दिसतं आहे. लवकर या.